डावंउजवं

एक अक्षरही खोटं न बोलता मी एका घरातला देव उठवला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर मी माझ्या पोटातलं बरंच काही सांगत आलो आहे. आज लिहायला बसलो, कारण परवा शाळेच्या प्रयोगशाळेतलं कपाट आवरताना तो शंख पुन्हा हाताला लागला आणि माझं बोट आपसूक त्याच्या तोंडात आत गेलं. तिथं जे होतं ते अजून तिथंच आहे.

पण माझं राहू द्या. आधी गोवर्धन सर.

गोवर्धन सर आमच्या तीर्थपुरीच्या शाळेत हिंदी शिकवायचे. घर जालन्याला, मस्तगडात. घराणं राजस्थानातून आलेलं, पण कधी आलं ते त्यांना स्वतःलाही नीट सांगता यायचं नाही. भावांची कापडाची दुकानं, हे एकटे मास्तर. विचारलं तर म्हणायचे, "मला मीटरनं मोजायला बसवलं अन् मी गिऱ्हाइकाशी गप्पा मारत दोन हात जास्तीचं फाडून दिलं. मंग वडिलांनीच सांगितलं, तू शाळेत जा." वयानं माझ्यापेक्षा मोठे, नोकरीला मात्र माझ्यानंतर लागलेले. गावात खोली घेऊन राहायचे. शनिवारी शाळा सुटली की जालन्याची गाडी, आणि सोमवारी पहिल्या तासाला हजर, हातात घरच्या कचोऱ्यांचा डबा. डबा स्टाफरूमच्या टेबलावर उघडून ठेवायचा आणि स्वतः लगेच वर्गावर निघून जायचं. आपण दिलेलं लोक खाताना बघत बसू नये, अशी त्यांची रीत होती. मी कचोरी खायचो आणि त्या रीतीचाही मला राग यायचा.

मी विज्ञानाचा. आईबापांनी शेत कसून शिकवलेला, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेला, तालुक्यात त्या काळी असे मोजकेच. माझ्या तासाला पोरं गप्प बसायची. सरांच्या तासालाही गप्प बसायची, पण ते गप्प बसणं वेगळं होतं, आणि तो फरक कळण्याइतका मी शहाणा होतो हेच माझं दुर्दैव. माझी पोरगी घरी आली की तिचं प्रत्येक वाक्य 'गोवर्धन सर म्हणतात' इथून सुरू व्हायचं. बायकोनं उन्हाळ्यात कुरडया घातल्या की पहिल्या घाण्यातल्या चार त्यांच्यासाठी बाजूला निघायच्या. "एकटे राहतात बिचारे," ती म्हणायची. एकटे कसले. संध्याकाळी त्यांच्या खोलीसमोर चपलांना जागा नसायची.

एका पावसाळ्यात दोन दिवस लाईट नव्हती आणि शाळेची बेल विजेवरची. शिपाई रजेवर. तास कधी सुटला, कधी भरला, कोणालाच पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी गोवर्धन सर खोलीवरून एक छोटा शंख घेऊन आले, पूजेला वाजवतात तसला, आणि तास संपला की व्हरांड्यात उभे राहून फुंकायला लागले. पोरांना काय, सणच. अंकुशनगरकडून येणारी साखर कामगारांची पोरं म्हणाली, कारखान्याच्या भोंग्यापेक्षा भारी. लाईट आली तरी पोरांनी बेल चालू करायला नको म्हटलं. हेडमास्तर हसले आणि आठवडाभर शाळा शंखावर चालली.

मधल्या सुट्टीत मी तो शंख उचलला. कोणी बघत नाही असं वाटून फुंकला. आवाज आला तो म्हशीनं नाक शिंकरावं तसा. खिडकीत दहावी ब उभी होती. पोरांचं हसणं मी सहन केलं असतं, पण सर धावत आले आणि अगदी हळू, माझ्यापुरतंच म्हणाले, "सर, फुंकायचं न्हाई. ओठांनी बोलायचं त्याच्याशी. मीबी पहिल्या वर्षी असाच करत होतो." खोटं होतं ते. माझी लाज राखण्यासाठी बोललेलं, त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकमेव खोटं. त्यानंतर मी शंखाला कधी ओठ लावला नाही.

खोट्याशी त्यांचं जमायचंच नाही. एकदा एका कवितेत कोकिळेचं गाणं आलं. त्यांनी वर्गात कोकिळा गाते, ती कशी गाते, हे पाऊण तास रंगवून सांगितलं. स्टाफरूममध्ये आल्यावर सवयीनं मला विचारलं, "सर, बराबर का?" प्राण्यापक्ष्यांचं काही शिकवलं की ते मला असं विचारायचेच. मी म्हणालो, गातो तो नर. मादी नुसती 'किक् किक्' करते. दुसऱ्या दिवशी हा माणूस ती कविता शिकवलेल्या एकेका वर्गात गेला आणि दारात उभा राहून म्हणाला, "काल मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. गातो तो नर. आपल्या सायन्सच्या सरांनी सांगितलं. वहीत दुरुस्ती करून घ्या." पोरं हसली, तेही हसले. मीही वर्गात चुकीचं शिकवलं आहे. लक्षात आलं की पुढच्या वर्षीच्या पोरांना बरोबर सांगायचो, एवढंच.

माझ्यावर त्यांचा इतका विश्वास होता. पुढचं सगळं त्या विश्वासातूनच घडलं.

त्या दिवाळीत त्यांनी आम्हा नवराबायकोला लक्ष्मीपूजनाला मस्तगडला बोलावलं. खाली दुकान, वर घर, चकचकीत फरशी, माणसांचा राबता. सरांच्या आईला सगळे माजी म्हणायचे. लहानखुरी बाई, डोक्यावरची ओढणी कधी ढळू न देणारी. त्यांच्या देवघरात चांदीच्या छोट्या आसनावर, लाल कापडावर, एक मोठा पांढरा शंख होता. ओंजळीत न मावणारा, दुधाळ रंगाचा, तोंडाच्या आत कोवळी केशरी झाक. माजींच्या आजेसासूनं रामेश्वराहून आणलेला, दक्षिणावर्ती. म्हणजे उजवा शंख, साक्षात लक्ष्मी. तो वाजवायचा नसतो. त्याला रोज अंघोळ घालायची आणि ते पाणी घरभर शिंपडायचं. त्या घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराच्या ओठांना पहिलं पाणी त्या शंखाचं लागलेलं.

सरांचा पुतण्या नवीन तेव्हा कॉलेजात होता. तो मोबाईल घेऊन पुढे आला. "काका, हे ऐका. असले शंख पुष्कळ वर्षांपासून अमेरिकेतून येऊन राह्यले. तिथल्या समुद्रात एक मोठी गोगलगाय आहे, ती जन्मतःच उलटी वळलेली. तीच पॉलिश करून दक्षिणावर्ती म्हणून विकतात. ओळखायचं कसं तर—"

"बंद कर तो मोबाईल," गोवर्धन सर म्हणाले. "घरात सायन्सचे सर बसलेत अन् तू मोबाईलला विचारून राह्यला?"

नवीननं व्हिडिओ बंद केला. अजून दोन वाक्यं चालू राहिला असता तर मी हे लिहीत नसतो.

बाहेरच्या माणसानं त्या शंखाला हात लावायची पद्धत नव्हती. माजींनी माझ्या हातांवर पाणी घातलं, पुसायला स्वच्छ टॉवेल दिला आणि सरांनी शंख माझ्या ओंजळीत ठेवला. सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत होतं.

आता इथं थोडं समजून घ्यावं लागेल. शंख ही समुद्रातल्या एका मोठ्या गोगलगायीची कवची. ती जिवंत असते तेव्हा वाळूत राहते, किडे खाते, आणि अंगावर तपकिरी साल असते. हा पांढरेपणा मागाहून घासून आणलेला. पूजेत शंख धरतात तो निमुळती शेपटी वर करून. आम्ही प्राणिशास्त्रवाले धरतो तो घुमट वर करून, म्हणजे बरोबर उलटा. त्यामुळे पूजेत ज्याचं तोंड उजवीकडे येतं, त्याचंच तोंड आमच्या पुस्तकात डावीकडे येतं. तुमचा उजवा तो आमचा डावा. वस्तू तीच, धरणारे हात वेगळे. साधे शंख सगळे आमच्या हिशेबानं उजवे असतात. डावा लाखांत एखादा निघतो, आणि त्याच दुर्मीळ डाव्याला लोक दक्षिणावर्ती म्हणून पूजतात. अमेरिकेची गोगलगायही डावीच, पण ती जातच डावी, तिचं कौतुक नाही. मग खरा ओळखायचा कसा? तोंडातून बोट आत घालायचं. आपल्या शंखाच्या आतल्या खांबावर ठसठशीत घड्या असतात, बोटाला पायऱ्यांसारख्या लागतात. अमेरिकेच्या गोगलगायीचा खांब गुळगुळीत. एम.एस्सी.ला शंखाची आकृती काढताना मी या घड्या दाखवल्या नव्हत्या, तेव्हा आमच्या सरांनी ते पान माझ्या अंगावर फेकलं होतं. तेव्हापासून त्या घड्या मी विसरणं शक्य नव्हतं.

मी घुमट वर केला. तोंड डावीकडे. बोट आत घातलं.

एक घडी. दुसरी. तिसरी.

क्षणभर नुसता आनंद झाला. जे पुस्तकात वाचलं, जे बघायला मिळेल असं स्वप्नातही नव्हतं, ते माझ्या हातात होतं. आणि पाठोपाठ मनात आलं: यालाच का? गोवर्धन सर हात जोडून माझ्यासमोर उभे होते, चेहऱ्यावर तेच 'बराबर का?' याला पोरं मिळाली, गाव मिळालं, माझ्या घरातल्या कुरडया मिळाल्या. आता लाखांतला शंखही याच्याच देवघरात निघायचा, आणि तसं जाहीर करायचं मी.

"हा डावा आहे," मी म्हणालो.

"डावा म्हणजे?" सरांनी विचारलं.

"शास्त्रात याला डावा म्हणतात. हे बघा, तोंड डावीकडे आहे."

"म्हंजे अमेरिकेवालाच," नवीन म्हणाला.

मी नाही म्हणालो नाही आणि हो म्हणालो नाही. "बाजारात तसे फार येतात," एवढंच म्हणालो.

तेही खरंच होतं.

मग गोवर्धन सर आधी बारीक आणि मग मोठ्यानं हसले. "घ्या माजी. आपली लक्ष्मी गोगलगाय निघाली."

माजी हसल्या नाहीत. आमच्याकडं गोगलगाय म्हणजे काय ते त्यांनाही ठाऊक होतं. सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर रातोरात पसरते आणि लोक मीठ घेऊन तिच्यामागं लागतात ती. त्यांनी माझ्या हातातून शंख घेतला, माझं बोट गेलं होतं तिथं ओढणीच्या पदरानं पुसलं आणि तो आसनावर ठेवला. पूजा झाली, जेवणं झाली. परतीच्या गाडीत बायको म्हणाली, "तुम्ही सांगायला नको होतं." मी म्हणालो, "त्यांनीच विचारलं."

सुट्ट्या संपून शाळा भरली त्या सोमवारी कचोऱ्यांच्या डब्याबरोबर सरांच्या हातात एक गाठोडं होतं. लाल कापडात तो शंख. "सर, हा तुमच्या प्रयोगशाळेत ठेवा. पोरांना बघायला होईल. खोट्याला आसनावर बसवायचं अन् नाव खऱ्याचं घ्यायचं, मला तर न्हाई जमत." माजी काय म्हणाल्या, असं मी विचारलं. "काही बोलली न्हाई. आसन तसंच ठेवलंय तिनं. रोज पुसते. वर काही न्हाई, तरी पुसते."

त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात एक चिठ्ठी लिहून शंखाला डकवली: 'समुद्री गोगलगाय. डावी. आमच्या घरी हिला पुष्कळ वर्षे दक्षिणावर्ती समजत असत.' मी कपाटाला कुलूप लावलं.

पुढे दरवर्षी आठवीच्या पोरांना घेऊन ते प्रयोगशाळेत यायचे आणि स्वतःच्या घरचीच फजिती रंगवून सांगायचे. आम्ही चार पिढ्या कशी एका परदेशी गोगलगायीला हळदकुंकू वाहत होतो, तिला अंघोळ घालत होतो, तिचं पाणी पीत होतो. पोरं लोटपोट व्हायची. आणि शेवट ठरलेला: "आपले सर नसते तर अजून पीत असतो." मग सगळी पोरं वळून माझ्याकडे आदरानं बघायची. इतकी वर्षं मला जे हवं होतं, ते मला त्यांनीच मिळवून दिलं. हेडमास्तरांनी भाषणात माझं नाव घेतलं. अंकुशनगरला विज्ञान दिनाला मला बोलावलं, तेव्हा शंख सोबत न्यायचा होता. सर स्वतःहून माझ्यासोबत आले. गाडीत जागा नव्हती तर उभे राहिले, पण तो शंख लेकरासारखा छातीशी धरून. तिथं एका पोरानं विचारलं, हा वाजतो का? मी उत्तर द्यायच्या आत सर म्हणाले, "वाजवायचा तर घुमटाचं टोक कापावं लागतं. गोगलगाय झाली तरी माजीची आहे रे. कापवत न्हाई."

मी त्या दिवशी अंधश्रद्धेवर तासभर बोललो. फार टाळ्या पडल्या. सर पहिल्या रांगेत होते आणि सगळ्यांच्या आधी त्यांनीच टाळी वाजवली.

माजी आजारी पडल्या तेव्हा मी भेटायला गेलो. सर औषध आणायला खाली उतरले होते. माजींनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "सर, तुम्ही शिकलेले. एक विचारू? मी एवढी वर्षं जे मागितलं, ते कोणी ऐकलं?"

मी म्हणालो, "माजी, शेवटी भाव महत्त्वाचा."

"भाव माझा होता, सर. शंख कोणाचा होता?"

जिन्यावर सरांची पावलं वाजली. उत्तर द्यायला तेवढा वेळ पुरला असता. दोन शब्दांचं तर होतं: खरा होता. मी पाण्याचा पेला पुढे केला. माजींनी तो घेतला नाही. देवघराच्या बाजूला तोंड करून त्या झोपून राहिल्या. पंधरवड्यात त्या गेल्या.

गोवर्धन सर निवृत्त झाले त्या दिवशी ते प्रत्येक वर्गात जाऊन आले. सगळ्यात शेवटी प्रयोगशाळेत आले. मी एकटाच होतो. "कपाट उघडता का जरा," म्हणाले. मी उघडलं. त्यांनी शंख घेतला, जुन्या सवयीनं शेपटी वर करून धरला, मग काही आठवल्यासारखं हसून उलटा केला, मी शिकवला होता तसा. नातवाच्या तोंडात बोट घालून दात आलाय का बघावं, तसं त्यांचं बोट तोंडातून आत गेलं. आणि थांबलं.

"सर," ते म्हणाले, "आत बोटाला घड्या लागून राह्यल्या. पायऱ्या असल्यासारख्या. ह्या कशाच्या?"

तोपर्यंत मी खोटं बोललो नव्हतो. मनाला मी हेच सांगत आलो होतो, आणि त्यावर तगलो होतो.

"असतात," मी म्हणालो. "सगळ्याच गोगलगायींना असतात."

"बराबर," ते म्हणाले. लगेच म्हणाले, नेहमीसारखं. शंख त्यांनी जागेवर ठेवला, चिठ्ठी सरळ केली, वरची धूळ हातरुमालानं टिपली. दाराशी जाऊन एकदा मागे वळले. मला वाटलं, आता विचारतील. पण त्यांनी कपाटाला नमस्कार केला, छोटासा, कोणी बघू नये असा, आणि मग मी बघतोय हे लक्षात येऊन शरमून हसले. "आदत आहे, सर. जाता जात न्हाई." मैदानात पोरं थांबली होती, त्यांच्यात ते मिसळून गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

मस्तगड काही लांब नाही. सकाळची गाडी पकडली तर दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं. मग का जात नाही? लोकांना वाटेल, शरमेनं. तेवढंच असतं तर बरं झालं असतं. खरं कारण असं, की मला ठाऊक आहे ते काय करतील. आधी बारीक हसतील, मग मोठ्यानं हसतील, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणतील, 'मीबी तुमच्या जागी असतो तर...', आणि माझी लाज राखायला दुसऱ्यांदा खोटं बोलतील. मला माफ करणंसुद्धा त्यांना इतकं सोपं जाईल, हे मला अजून बघवत नाही.

नवीन अधूनमधून भेटतो. आसन अजून देवघरात आहे म्हणतो, रिकामं. आता सर रोज पुसतात. शंख माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या खिशात.

माजींचं देणं राहून गेलं, ते आता फिटत नाही. गोवर्धन सरांना मी त्यांचा शंख देणं लागतो, आणि चार शब्द: सर, हा उजवा आहे.